दुसऱ्या नियमाची उलटतपासणी

विसाव्या शतकाच्या आरंभी जर्मनीतलं गॉटिंगेन ही गणितज्ञांची पंढरी होती. फेलिक्स क्लाइन आणि डेव्हिड हिल्बर्ट यांची व्याख्यानं ऐकायला युरोपभरातून विद्यार्थी यायचे. 1902 साली रशियातून एक तरुणी तिथे दाखल झाली. सोबत काकू होती, सामानात सेंट पीटर्सबर्गच्या बेस्तुझेव्ह महिला अभ्यासक्रमातल्या वह्या होत्या. तरुणीचं नाव तात्याना अफानास्येवा. जन्म 1876चा, कीव्ह शहरातला. वडील रेल्वेत इंजिनियर होते, पण ते लवकर वारले आणि पीटर्सबर्गच्या काकांनी तिला वाढवलं. रशियातल्या विद्यापीठांची दारं मुलींना बंद होती. त्यांच्यासाठी 1878पासून हे वेगळे अभ्यासक्रम सुरू झाले होते, आणि तिथलं गणिताचं शिक्षण चांगलंच कसदार होतं.

गॉटिंगेनमध्येही परिस्थिती फार वेगळी नव्हती. प्राध्यापकांच्या परवानगीने बाईला व्याख्यानाला बसता येई. रीतसर प्रवेश मात्र, गॉटिंगेन ज्यात होतं त्या प्रशियात, 1908पर्यंत मिळाला नाही. व्हिएन्नाहून आलेला पॉल एरनफेस्ट नावाचा विद्यार्थी तात्यानांना वर्गात रोज बघत होता. गणित मंडळाच्या बैठकीत त्या कधीच दिसेनात, तेव्हा त्याने चौकशी केली. मंडळात बायकांना येऊ देत नाहीत, असं उत्तर आलं. एरनफेस्टने वाद घातला, तो लावून धरला, आणि नियम बदलायला लावला.

पुढे या दोघांनी मिळून एका फार मोठ्या नियमाची झाडाझडती घेतली.

तो म्हणजे ऊष्मागतिकीचा दुसरा नियम. गरम चहा निवतो, निवलेला चहा आपणहून तापत नाही. उष्णता आपसूक गरमाकडून गाराकडे जाते, उलटी जात नाही. रुडॉल्फ क्लाउझियसने 1865 साली या एकेरी वाटचालीचं माप म्हणून ‘एन्ट्रॉपी’ ही राशी मांडली. बाहेरच्या जगाशी देवाणघेवाण नसेल, तर एन्ट्रॉपी वाढते किंवा तेवढीच राहते. कमी होत नाही. वाफेच्या इंजिनांच्या हिशेबातून निघालेला हा नियम. पण पदार्थ रेणूंचा बनलेला असेल, तर रेणूंच्या हालचालींतून हा नियम निघायला हवा. ते काम व्हिएन्नाच्या लुडविग बोल्ट्झमन यांनी अंगावर घेतलं. 1872 साली त्यांनी दाखवलं, की वायूचे रेणू एकमेकांवर आदळत राहिले की ‘एच’ नावाची एक राशी उतरत जाते. एच म्हणजे जवळपास एन्ट्रॉपीच, फक्त उलट्या चिन्हाची.

आक्षेप दोन बाजूंनी आले. बोल्ट्झमन यांचे सहकारी योसेफ लोश्मिट यांनी 1876 साली विचारलं: न्यूटनचे नियम काळाची दिशा जाणत नाहीत. एखाद्या क्षणी सगळ्या रेणूंचे वेग नेमके उलटे केले, तर ते आल्या वाटेने परत जातील आणि एच वाढू लागेल. मग ते नेहमी उतरतंच, हे कुठून आलं? वीस वर्षांनी, 1896 साली, एर्न्स्ट झेर्मेलो यांनी दुसरा पेच टाकला. आन्री प्वँकारे यांच्या प्रमेयानुसार बंदिस्त यांत्रिक प्रणाली पुरेसा काळ गेला की मूळ स्थितीच्या हवी तितकी जवळ परत येते. म्हणजे उतरलेलं एच पुन्हा चढणारच. बोल्ट्झमन यांनी उत्तरं दिली, पण ती वेगवेगळ्या लेखांत विखुरलेली, अधूनमधून बदलणारी आणि वाचायला अवघड होती.

एरनफेस्ट हा बोल्ट्झमन यांचाच विद्यार्थी. 1904 साली त्याने व्हिएन्नात डॉक्टरेट घेतली आणि त्याच वर्षी 21 डिसेंबरला तात्यानांशी लग्न केलं. तेही सरळ झालं नाही. तो ज्यू, त्या ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती. ऑस्ट्रियाच्या कायद्याला ख्रिस्ती आणि बिगरख्रिस्ती यांचं लग्न मंजूर नव्हतं. दोघांनी धर्म सोडल्याचं सरकारदरबारी जाहीर केलं, तेव्हा कुठे लग्न लागलं. या निधर्मीपणाची किंमत पुढे मोजावी लागली. 1912 साली प्रागमधली आपली जागा एरनफेस्टला मिळावी अशी आइन्स्टाइनची इच्छा होती, पण त्यासाठी कुठला तरी धर्म नोंदवावा लागत होता, आणि एरनफेस्टने ते नाकारलं.

एरनफेस्टच्या विद्यार्थिदशेच्या काळात व्हिएन्नात बोल्ट्झमन यांच्या व्याख्यानांना आणखी एक तरुणी बसत होती: लिझं माइटनर. पुढे अणुविखंडनाच्या शोधामुळे तिचं नाव सर्वतोमुखी झालं. पण 1906 साली तिला डॉक्टरेट मिळाली ती उष्णतेवरच्या प्रबंधासाठी, एकजिनसी नसलेल्या पदार्थांतून उष्णता कशी वाहते या विषयावर. एरनफेस्ट आणि माइटनर काही काळ एकत्र अभ्यास करायचे.

1906च्या 5 सप्टेंबरला, आज इटलीत असलेल्या किनाऱ्यावरच्या दुइनो इथे बोल्ट्झमन यांनी आत्महत्या केली. क्लाइन तेव्हा गणिती विज्ञानांच्या एका प्रचंड जर्मन विश्वकोशाचं संपादन करत होते, आणि त्यातला सांख्यिकीय यामिकीवरचा, म्हणजे रेणूंच्या हालचालींवरून पदार्थाचे गुणधर्म काढण्याच्या शास्त्रावरचा, लेख बोल्ट्झमन लिहितील अशी त्यांची अपेक्षा होती. एरनफेस्ट दांपत्य त्या शरद ऋतूत गॉटिंगेनला परतलं, आणि क्लाइन यांनी ते काम एरनफेस्टवर सोपवलं. लेखावर मात्र दोघांची नावं लागली.

त्याआधी, 1907 साली, दोघांनी ‘फिजिकालिशे त्साइटश्रिफ्ट’ या नियतकालिकात चार पानांचा एक निबंध छापला. विषय होता बोल्ट्झमन यांच्या प्रमेयावरचे ते दोन आक्षेप. रेणूंचा सगळा गुंता बाजूला ठेवून त्यांनी एक खेळ मांडला. दोन पात्रं घ्या. शंभर चेंडूंवर 1 ते 100 आकडे घाला आणि सगळे पहिल्या पात्रात ठेवा. वेगळ्या पिशवीत त्याच आकड्यांच्या चिठ्ठ्या आहेत. एक चिठ्ठी काढा, जो आकडा येईल तो चेंडू असेल त्या पात्रातून उचलून दुसऱ्यात टाका, चिठ्ठी परत पिशवीत घाला. पुन्हा चिठ्ठी काढा. इतकाच खेळ.

पहिली चिठ्ठी कुठलीही निघो, चेंडू पहिल्या पात्रातूनच जाणार, कारण दुसरं रिकामं आहे. सुरुवातीला ओघ एकाच दिशेने असतो. हिशेब केला तर सरासरीने पन्नास चिठ्ठ्यांनंतर पहिल्या पात्रात 68च्या आसपास चेंडू उरतात, शंभर चिठ्ठ्यांनंतर 57च्या आसपास, दोनशेनंतर 51. त्यापुढे आकडा पन्नासाच्या अवतीभवती हेलकावे खात राहतो. गरम आणि गार वस्तू एकमेकींना चिकटवल्यावर होतं तेच इथे होतं. आणि हे घडवून आणणाऱ्या नियमात दिशा कुठेच नाही. चिठ्ठीला डावं-उजवं, आधी-नंतर काही कळत नाही.

आता झेर्मेलोचा आक्षेप घ्या. सगळे चेंडू पुन्हा पहिल्या पात्रात येतील का? येतील, नक्की येतील. चारच चेंडू असतील, तर सरासरीने सोळा चिठ्ठ्यांत ती वेळ येते. शंभर चेंडू असतील, तर सरासरी लागणाऱ्या चिठ्ठ्या म्हणजे 2चा शंभरावा घात: 1वर तीस शून्यं, आणि वर थोडं. दर सेकंदाला एक चिठ्ठी काढली, तरी विश्वाच्या आजच्या वयाच्या सुमारे तीन लाख कोटी पट काळ लागेल. आणि हे फक्त शंभर चेंडूंचं. चहाच्या कपातल्या रेणूंची संख्या लिहायला चोवीस-पंचवीस आकडे लागतात. झेर्मेलो तर्काने बरोबर होते. पण त्यांच्या म्हणण्याचा चहा तापण्याची वाट बघणाऱ्याला काही उपयोग नव्हता.

लोश्मिटच्या आक्षेपाला या खेळाने दिलेलं उत्तर त्याहून बारकाईचं आहे. खेळ बराच वेळ चालला आहे, आणि एका क्षणी पहिल्या पात्रात 80 चेंडू दिसले, असं धरा. पुढच्या चिठ्ठीला आकडा 79 होण्याची शक्यता शंभरात ऐंशी, 81 होण्याची शंभरात वीस. म्हणजे उतार. मग आदल्या चिठ्ठीपूर्वी काय होतं? तिथेही 79 असण्याचीच शक्यता शंभरात ऐंशी. मागे बघा किंवा पुढे, त्या उंचीवरून दोन्हीकडे उतारच आहे. आपण बहुधा शिखरावरच उभे असतो. दीर्घ काळाचा आलेख काढून तो उलटा चालवला, तर सुलटा कुठला आणि उलटा कुठला हे ओळखता येणार नाही. तरीही कुठल्याही उंच टोकापासून पुढे निघालं की समतोलाकडेच जाणं होतं. ‘एच नेहमी उतरतं’ आणि ‘नियम काळाच्या दिशेबद्दल उदासीन आहेत’ ही दोन विधानं एकाच खेळात गुण्यागोविंदाने नांदू शकतात, हे दोघांनी दाखवून दिलं. पहिल्या विधानात ‘नेहमी’च्या जागी ‘बहुतेक नेहमी’ घालायचं, एवढीच अट.

हा नमुना टिकला. दोन कुत्रे आणि त्यांच्या अंगावर इकडून तिकडे उड्या मारणाऱ्या पिसवा, अशा रूपात तो आजही भौतिकशास्त्राच्या वर्गात सांगितला जातो. 1947 साली गणितज्ञ मार्क कात्स यांनी त्याची संपूर्ण गणिती उकल मांडली.

1907 ते 1912 ही पाच वर्षं एरनफेस्ट कुटुंबाने सेंट पीटर्सबर्गमध्ये काढली. पॉल परदेशी, वर निधर्मी. कायमची नोकरी मिळेना. घरी भौतिकशास्त्रज्ञांची बैठक भरे, तिला अब्राम योफे यांच्यासारखी मंडळी येत. विश्वकोशातला लेख याच काळात पुरा झाला आणि 1911 साली प्रसिद्ध झाला. त्यात बोल्ट्झमन यांचा सगळा पसारा आवरून एकेक गृहीतक वेगळं काढलेलं आहे. उदाहरणार्थ, बोल्ट्झमन आणि मॅक्सवेल यांनी धरून चाललेली एक कल्पना: पुरेसा वेळ दिला तर प्रणाली आपल्या ऊर्जेला शक्य असलेल्या प्रत्येक अवस्थेतून जाते. एरनफेस्टांनी विचारलं, खरंच प्रत्येक? की प्रत्येक अवस्थेच्या हवं तितकं जवळून? ही दोन विधानं त्यांनी निराळी केली, आणि पहिल्याबद्दल शंका व्यक्त केली. दोनच वर्षांत, 1913 साली, आर्तुर रोझेन्थाल आणि मिशेल प्लांशेरेल यांनी एकमेकांपासून स्वतंत्रपणे सिद्ध केलं, की पहिलं विधान अशक्यच आहे. गणितातली एक अख्खी शाखा पुढे या प्रश्नाभोवती वाढली.

यातलं कोणाचं किती? ग्रंथांचा धांडोळा आणि मांडणी पॉलची होती. तात्यानांनी पुढे आपला वाटा सांगितला तो मोजक्या शब्दांत: आपण सगळ्या प्रश्नांवर त्यांच्याशी चर्चा करत होतो, आणि ढिलेपणाने वापरल्या जाणाऱ्या काही संकल्पना स्पष्ट करण्यात आपल्याला यश आलं. ज्या लेखाचं मोल संकल्पना स्पष्ट करण्यातच आहे, त्याच्या बाबतीत हा वाटा लहान म्हणता येत नाही.

1912 साली नेदरलंड्समधल्या लायडनहून पत्र आलं. हेन्ड्रिक लॉरेन्ट्झ निवृत्तीकडे झुकले होते आणि आपल्या अध्यासनावर त्यांनी एरनफेस्टला निवडलं. कुटुंब लायडनला आलं. विटे रोझनस्ट्राट या रस्त्यावर घर बांधलं गेलं, त्याचा आराखडा तात्यानांनी स्वतः काढला. जेवण शाकाहारी, दारू आणि तंबाखू वर्ज्य, मुलांचं शिक्षण घरीच. पाहुण्यांच्या खोलीतल्या भिंतीवर पाहुण्यांनी सही करायची असा रिवाज पडला. आइन्स्टाइन, बोर, डिरॅक यांच्या सह्या त्या भिंतीवर आल्या. आइन्स्टाइन आले की त्यांचं व्हायोलिन आणि पॉलचा पियानो अशी मैफल जमे. भौतिकशास्त्राच्या चर्चेत तात्याना बरोबरीने भाग घेत. विद्यापीठात मात्र त्यांना पद नव्हतं, आणि पुढेही कधी मिळालं नाही.

लायडनचं हवामान मात्र गॉटिंगेनपेक्षा मोकळं होतं. नेदरलंड्सच्या विद्यापीठात 1871 साली अलेटा याकोब्स शिरल्या, तेव्हापासून मुलींना तिथली वाट खुली झाली होती. लॉरेन्ट्झ यांच्या हाताखाली दोन जणींनी उष्णतेच्या सांख्यिकीवर प्रबंध लिहिले, आणि दोघींनीही असं काही शोधलं, की ज्याचं महत्त्व पुष्कळ उशिरा कळलं.

पहिली त्यांचीच थोरली लेक, खेरट्राउडा. जन्म 1885चा. 1910 साली भौतिकशास्त्रज्ञ वांडर द हास यांच्याशी लग्न झालं, आणि एरनफेस्ट ज्या वर्षी लायडनला आले त्याच 1912 साली ब्राउनीय गतीवरचा प्रबंध पुरा झाला. पाण्यातले परागकणांतले सूक्ष्म कण सतत थरथरतात, कारण पाण्याचे रेणू त्यांना चहूबाजूंनी धक्के देतात. आइन्स्टाइनने 1905 साली त्याचं गणित मांडलं होतं आणि झां पेरँ यांनी प्रयोगाने ते खरं ठरवलं होतं. खेरट्राउडा द हास-लॉरेन्ट्झ यांनी पुढचा प्रश्न विचारला: धक्के फक्त कणांनाच बसतात का? तारेतल्या विजेचं काय?

प्रत्येक सुट्या हालचालीच्या वाट्याला तापमानानुसार सरासरीने ठरावीक ऊर्जा येते. वेटोळं घातलेल्या तारेतला प्रवाह हीही एक हालचालच. मग बॅटरी न जोडता, नुसत्या उष्णतेमुळे, बंद मंडलात प्रवाह मागेपुढे थरथरत राहिला पाहिजे. हिशेब सोपा आहे: एक हेन्री स्वप्रवर्तकतेचं (इंडक्टन्सचं) वेटोळं खोलीच्या तापमानाला असेल, तर ही थरथर एका अँपिअरच्या सुमारे पंधराशे कोटीव्या भागाइतकी भरते. 1912 साली हे मोजणं दुरापास्त होतं. पुढच्या वर्षी प्रबंध जर्मनीत पुस्तकरूपाने आला. 1928 साली अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेत जॉन जॉन्सन यांनी विद्युतरोधांमधला हा खुळखुळाट मोजला, हॅरी नायक्विस्ट यांनी त्याचं सूत्र दिलं, आणि तो त्या दोघांच्या नावाने ओळखला जाऊ लागला. रेडिओ दुर्बीण असो की मोबाइलमधला रिसीव्हर, आपण किती क्षीण संदेश पकडू शकतो याची सीमा हा उष्णतेचा गोंगाटच आखून देतो. लायडनच्या प्रबंधात मंडलातल्या प्रवाहाची ही थरथर सोळा वर्षं आधी हिशेबाला आलेली होती.

पुढे खेरट्राउडा यांनी डेल्फ्टला भौतिकशास्त्र शिकवलं, वडिलांची पुस्तकं जर्मनमध्ये आणली, चार मुलं वाढवली. 1925 साली त्यांनी आणखी एक टिपण लिहिलं. अतिसंवाहक धातूत चुंबकीय क्षेत्र अगदी पृष्ठभागाशी थांबतं की थोडं आत शिरतं, हा त्याचा विषय. ते किती खोल शिरतं याचा विचार त्यात आहे. फ्रिट्झ आणि हाइन्झ लंडन या भावांच्या ज्या सिद्धांतामुळे ही खोली पाठ्यपुस्तकांत गेली, तो 1935चा.

दुसरी हेंड्रिका व्हान लेउवेन. जन्म 1887, द हेग. प्रबंध 1919चा, विषय चुंबकत्वाचा इलेक्ट्रॉन-सिद्धांत. त्यातला निष्कर्ष ऐकणाऱ्याला कोड्यात टाकणारा होता: न्यूटन, मॅक्सवेल आणि बोल्ट्झमन यांचे नियम काटेकोरपणे लावले, तर समतोलात असलेल्या पदार्थात चुंबकत्व उरतच नाही. थोडंथोडकं नव्हे, अगदी शून्य.

चुंबकीय क्षेत्रात इलेक्ट्रॉन वर्तुळात फिरतात, आणि फिरणारा प्रत्येक इलेक्ट्रॉन हा एक इवलासा चुंबक असतो. सगळे एकाच दिशेने फिरतात, तेव्हा त्यांची बेरीज व्हायला हवी. मग शून्य कसं? भिंतीजवळच्या इलेक्ट्रॉनांकडे बघा. त्यांचं वर्तुळ पुरं होत नाही. ते भिंतीवर आदळतात, अर्धवट कमान काढतात, पुन्हा आदळतात, आणि असे टप्पे घेत भिंतीच्या कडेकडेने नेमक्या उलट दिशेने सरकतात. संख्येने ते थोडे, पण त्यांची फेरी अख्ख्या पदार्थाला वळसा घालणारी. आतल्या असंख्य लहान वर्तुळांचा आणि काठावरच्या या एका मोठ्या फेरीचा परिणाम एकमेकांना तंतोतंत खोडून काढतो. गणितात हेच एका ओळीत दिसतं: चुंबकीय क्षेत्र संवेगाची मोजणी सरकवतं, आणि सगळ्या संवेगांवर बेरीज घेतली की ते सरकणं पुसलं जातं.

म्हणजे होकायंत्राची सुई, दारावरचा चुंबक, लोखंडाचा कीस ओढणारा नाल, यांपैकी काहीही जुन्या भौतिकशास्त्राने समजावून सांगता येत नाही. पॉल लांजेव्हॅन यांनी 1905 साली चुंबकत्वाचा जो गाजलेला सिद्धांत दिला होता, त्याचे आकडे प्रयोगांशी जुळत होते. पण प्रत्येक रेणूत ठरावीक ताकदीचा चुंबक आहे, हे त्यांनी गृहीतच धरलं होतं. ते गृहीतक जुन्या नियमांत बसत नाही, त्याला पुंज सिद्धांत (क्वांटम थिअरी) लागतो. व्हान लेउवेन यांच्या प्रमेयाने ही पळवाट उघड केली.

तरुण नील्स बोर यांनी 1911च्या कोपनहेगनच्या प्रबंधात याच निष्कर्षाला हात घातला होता. तो डॅनिशमध्ये होता आणि फारसा कोणाच्या वाचनात आला नव्हता. व्हान लेउवेन स्वतःच्या वाटेने तिथे पोहोचल्या, आणि त्यांची मांडणी 1921 साली फ्रेंच नियतकालिकात आल्यामुळे भौतिकशास्त्रज्ञांना कळली. 1932 साली अमेरिकेतल्या जॉन व्हान व्लेक यांनी चुंबकत्वावरच्या आपल्या प्रसिद्ध ग्रंथात या प्रमेयाची सविस्तर चर्चा केली. प्रमेयाला आज दोघांचं नाव आहे, बोर आधी. व्हान लेउवेन 1920पासून डेल्फ्टच्या तंत्रशाळेत सहायक होत्या, प्रयोगशाळेत विद्यार्थ्यांवर देखरेख करत होत्या. व्याख्यातापद मिळालं 1947 साली, वयाच्या साठीत.

लायडनच्या घरात तात्यानांचं काम थांबलं नव्हतं. अमेरिकेतल्या रिचर्ड टोलमन यांनी भौतिकशास्त्रासाठी ‘साम्याचं तत्त्व’ म्हणून एक नवीन नियम पुढे केला, तेव्हा त्यात नवं नेमकं काय आहे हे त्यांनी लेख लिहून तपासलं. शाळेत भूमिती कशी शिकवावी यावर 1924 साली पुस्तिका काढली आणि डच गणितशिक्षकांमध्ये खडाजंगी उडवून दिली. मुलाला आधी वस्तू हाताळू द्या, अवकाशाची जाण येऊ द्या, सिद्धता मागून येतील, असं त्यांचं म्हणणं. पुढे हान्स फ्रॉइडेन्थाल यांच्यासारख्या गणितशिक्षणतज्ज्ञांची विचारपद्धती घडली त्यात या चर्चांचा हात होता. थोरली मुलगी, तिचंही नाव तात्याना, पुढे स्वतः नावाजलेली गणितज्ञ झाली.

आणि 1925 साली, ‘त्साइटश्रिफ्ट फ्यूर फिजिक’मध्ये, एकटीच्या नावाने, दुसऱ्या नियमाच्या पायावरचा निबंध आला.

पाठ्यपुस्तकं दुसरा नियम एक सलग विधान म्हणून सांगतात. तात्याना एरनफेस्ट-अफानास्येवा म्हणाल्या, यात दोन निरनिराळी विधानं शिवून टाकलेली आहेत. पहिलं असं, की समतोलाच्या प्रत्येक अवस्थेला एन्ट्रॉपी नावाचा एक आकडा देता येतो आणि एक निरपेक्ष तापमान ठरवता येतं. यात काळाचा, दिशेचा, ‘आधी’ आणि ‘नंतर’चा उल्लेखच नाही, हे समतोलाच्या अवस्थांचं भूगोलासारखं वर्णन आहे. दुसरं असं, की खऱ्याखुऱ्या घटना एन्ट्रॉपी वाढण्याच्याच दिशेने जातात. पहिल्यातून दुसरं निघत नाही. उलट्या दिशेने चालणारं एखादं जग कल्पिलं, तरी पहिलं विधान तिथे खरं राहू शकतं. क्लाउझियसपासून 1909 साली ऊष्मागतिकीची नव्याने गणिती बांधणी करणाऱ्या कॉन्स्टंटिन काराथेओडोरी यांच्यापर्यंत अनेकांच्या सिद्धतांत ही दोन सूत्रं एकमेकांत गुंतलेली होती.

तात्यानांचा दुसरा रोख पाठ्यपुस्तकांतल्या ‘अतिशय मंद’ प्रक्रियांवर होता. वायू इतका हळू दाबायचा, की तो प्रत्येक क्षणी समतोलातच राहील, असं सगळी पुस्तकं सांगतात. पण समतोल म्हणजे काहीच बदलत नाही अशी स्थिती. मग प्रत्येक क्षणी समतोल असेल, तर बदल घडतो कधी? त्यांच्या मते या प्रक्रिया नव्हेतच. समतोलाच्या अवस्थांची ती एका ओळीत मांडलेली मालिका आहे. प्रत्यक्षात घडणारी गोष्ट आणि कागदावरची ही मालिका यांत त्या शेवटपर्यंत भेद करत राहिल्या.

पॉलचा शेवट दुःखद झाला. वर्षानुवर्षं नैराश्याने ग्रासलेल्या एरनफेस्टने 25 सप्टेंबर 1933 रोजी अॅमस्टरडॅममध्ये डाउन सिंड्रोम असलेल्या धाकट्या मुलावर गोळी झाडली आणि नंतर स्वतःला संपवलं. त्या वर्षांत तात्याना अधूनमधून रशियात शिकवायला जात होत्या. त्यानंतर सहा वर्षांनी थोरला मुलगा, तोही भौतिकशास्त्रज्ञ, हिमस्खलनात गेला. त्या लायडनमध्येच राहिल्या.

ऊष्मागतिकीवरचं पुस्तक त्यांनी लिहीत नेलं. 1947 साली त्यांचा मजकूर वाचून आइन्स्टाइनने तक्रार केली, ती साधारण अशी, की तर्क घासूनपुसून लख्ख करण्याचा तुम्हाला जरा जास्तच सोस आहे. तात्यानांनी घासणं सोडलं नाही. 1956 साली, वयाच्या ऐंशीव्या वर्षात, लायडनच्या ब्रिल या प्रकाशनाकडून ‘ऊष्मागतिकीचे पाये’ हे त्यांचं जर्मन पुस्तक बाहेर आलं. तोवर भौतिकशास्त्राची भाषा इंग्रजी झाली होती आणि सगळ्यांचं लक्ष अणुकेंद्राकडे होतं. पुस्तकाची फारशी दखल घेतली गेली नाही. तीन वर्षांनी 1911च्या विश्वकोशातल्या लेखाचा इंग्रजी अनुवाद अमेरिकेत निघाला. प्रस्तावना त्यांचीच होती, आणि लेख पहिल्यांदा लिहिला तेव्हाचं काय आज बदललं आहे, याचा त्यात हिशेब होता. 1964च्या एप्रिलमध्ये लायडनला त्यांचं निधन झालं.

खेरट्राउडा 1973 साली गेल्या, हेंड्रिका 1974 साली. त्यानंतर तीन वर्षांनी व्हान व्लेक यांना नोबेल मिळालं. स्टॉकहोमच्या व्याख्यानात चुंबकत्व समजायला पुंज सिद्धांत का लागतो हे सांगताना त्यांनी बोर यांच्या जोडीला व्हान लेउवेन यांचंही नाव घेतलं.

तात्यानांच्या वाट्याला अशी दाद आली ती 2021 साली. भौतिकशास्त्राच्या तत्त्वज्ञानाच्या चार अभ्यासकांनी त्यांच्या कामावर संपादित ग्रंथ काढला, त्यात त्यांच्या काही लेखनाची इंग्रजी भाषांतरंही आहेत. ग्रंथातल्या लेखांमधला वाद 1925 सालचाच आहे: एन्ट्रॉपीचं अस्तित्व आणि काळाची दिशा ही खरोखर दोन वेगळी विधानं आहेत का, आणि असतील तर दुसऱ्या विधानाला आधार कशाचा.